गायरानात झाडे लावायची ठरली आहेत. माळावरच्या चंडोलांचे काय होईल?

माळावरची_वाट
नमस्कार मंडळी. आमचे गाव बेळगाव जिल्ह्यात, संकेश्वर आणि हुक्केरीच्या दरम्यान आहे. गावाच्या पूर्वेला मुरमाड गायरान आहे. पंचायतीच्या कागदांत त्याची नोंद गोमाळ अशी आहे. येत्या पावसाळ्यात तिथे रोपे लावण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येणार असून खड्डे मे महिन्यातच खणून ठेवावेत, असा पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांचा विचार आहे. मला झाडांचे वावडे नाही. आमच्या ओढ्याकाठची झाडे मागच्या पिढीने तोडली, हे मलाही सलते.

परंतु त्या माळावर एक चिमणीएवढा पक्षी राहतो. नर खालून काळा, गाल पांढरट, माथा राखी. पंख फडफडवत तो सरळ वर चढतो, मग पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि जमीन जवळ आली की त्याच वेगात पुन्हा उसळी घेतो. खाली येताना लांब शीळ घालतो. त्याच माळावर आणखी दोन प्रकारचे तपकिरी पक्षी दिसतात, त्यांपैकी एकाच्या डोक्यावर तुरा आहे.

हे पक्षी कोणते, आणि झाडे लावल्यावर ते तिथेच राहतील की निघून जातील, हे मला समजून घ्यायचे आहे. ग्रामसभेत उभे राहून नुसते "पक्षी जातील" असे म्हटले तर लोक हसतील. त्यामुळे कारणांसह उत्तर मिळाले तर बरे होईल.

दुर्बीण_गळ्यात
काळ्या पोटाचा तो डोंबारी चंडोल. आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की शंकेला जागा नाही. मादी मात्र फिकट तपकिरी असते आणि ती एकटी दिसली तर बहुतेक जण तिला चिमणीच समजतात. हा पक्षी धोका जाणवला की उडण्याऐवजी जमिनीला चिकटून बसतो, त्यामुळे पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

तुरेवाला पक्षी दोनपैकी एक असेल. छाती तांबूस, तिच्यावरच्या रेघा थोड्या आणि फक्त वरच्या भागात, अंगाने लहान, असा असेल तर तो सायक्सचा चंडोल. अंगाने थोराड, चोच लांब आणि छातीवर ठळक रेघा असतील तर मलबारी चंडोल. आपल्या जिल्ह्यात हे दोन्ही आहेत. खानापूरच्या पश्चिम टोकापासून अथणीपर्यंत सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर अंतर आहे आणि तेवढ्यात धो धो पावसाचा घाट संपून कोरडे पठार सुरू होते. मलबारी चंडोल पावसाच्या बाजूचा, सायक्सचा कोरड्या बाजूचा. हुक्केरी तालुका या दोहोंच्या मधोमध पडतो, म्हणून छातीच्या रेघा पाहिल्याशिवाय नाव ठरवू नये.

तिसऱ्या पक्ष्याबद्दल एवढेच सांगा: शेपटी तांबडी आणि टोकाला गडद पट्टा आहे का? असेल तर तांबड्या शेपटीचा चंडोल. उडताना पंखात तांबडा रंग चमकत असेल आणि तो झुडपाच्या शेंड्यावर बसत असेल तर झुडपी चंडोल. चोच बारीक असून शेपटी सारखी खालीवर हलत असेल तर तो चंडोलच नव्हे, ती तिरचिमणी.

तंबाखूची_वखार
डोंबारी चंडोलाची कीर्ती ग्रामसभेत फार सांगू नका. वर चढायचे, कोसळायचे आणि जमिनीला टेकण्याआधी पुन्हा उसळी घ्यायची, हा खेळ आमच्या निपाणीकडच्या काही सदस्यांना चांगला अवगत आहे. त्यांना स्पर्धक आवडणार नाही.

निवृत्त_मास्तर
वखारवाल्यांची परवानगी घेऊन मूळ प्रश्नाकडे येतो. झाडे लावल्यावर चंडोल राहतील का, याचे उत्तर ते हवेत का गातात या प्रश्नात दडलेले आहे.

कोकीळ किंवा दयाळ उंच फांदीवर बसून गातो, कारण उंचावरून आवाज दूर जातो आणि गाणाराही दिसतो. माळावर फांदी नाही. जमिनीवर बसून गायले तर गवत आणि ढेकळे आवाज गिळून टाकतात. म्हणून चंडोलाने उंच जागेची सोय स्वतःच्या पंखांनी केली आणि हवेतूनच आपल्या हद्दीची दवंडी पिटायला सुरुवात केली. झुडपी चंडोल थोडा वर जाऊन पंख वर धरून, पाय खाली सोडून तरंगत उतरतो; डोंबारी सूर मारतो; ओल्या गवतातला भारतीय चंडोल तर इतका वर जातो की डोळ्यांना ठिपकाच उरतो आणि आवाज मात्र ऐकू येत राहतो. प्रत्येक जातीची उड्डाणाची पद्धत वेगळी असल्यामुळे, पिसांचे रंग एकसारखे मातकट असले तरी त्यांची आपापसांत गल्लत होत नाही.

हे काम सोपे नाही. चढत्या उड्डाणात स्नायूंना भरपूर हवा लागते आणि त्याच वेळी कंठातूनही हवा बाहेर पडत असते. जो नर अधिक वेळ गाऊ शकतो तो धडधाकट आहे, हे मादीला आपोआप कळते. स्कॉटलंडमध्ये मर्लिन नावाच्या लहान ससाण्यावर केलेल्या निरीक्षणांत असे आढळले की ससाणा पाठीमागे लागलेला असतानाही काही चंडोल गात राहतात, आणि जे जोरकस गातात त्यांचा नाद ससाणा लवकर सोडतो. पळता पळता गाणारा हाती लागणार नाही, हे शिकाऱ्यालाही उमगते.

आता यावरून निघणारी गोष्ट अशी की ज्याचे सगळे शरीर आणि वागणे फांदी नसलेल्या जागेसाठी घडले आहे, त्याला आपण फांद्या दिल्या म्हणून त्याचे भले होणार नाही. जगात चंडोलांच्या शंभराच्या आसपास जाती आहेत, त्यांतल्या बहुसंख्य आफ्रिकेत आहेत आणि जवळजवळ सर्व मोकळ्या जागेत राहतात. दाट जंगलाची वाट त्यांतल्या एकीनेही धरलेली नाही.

अथणीचे_शिवार
मास्तरांचे लिहिणे वाचायला गोड आहे, पण आमच्या बाजूला उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो तेव्हा बकऱ्याला, गुराला आणि माणसाला टेकायला सावली लागते. गायरान गावाचे आहे, पक्ष्यांचे नव्हे. सरपण नाही, पाला नाही, पाऊस लहरी. अशा गावाला कोणी झाडे देत असेल तर त्यात मोडता घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. शहरातल्या मंडळींना माळ सुंदर वाटतो, कारण त्यांना तिथून दुपारी बारा वाजता चालत जायचे नसते. आणखी एक शंका: चंडोल जमिनीवर राहतो म्हणता, मग झाडाखालीही जमीन असतेच की. तिथे राहायला त्याला कोणी मनाई केली आहे?

घटप्रभा_अक्का
अण्णा, शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर सरळ आहे. चंडोल घरटे जमिनीवर करतो. गवताच्या ठोंबाच्या किंवा ढेकळाच्या आडोशाला उथळ खळगी करून त्यात काड्या आणि तंतू अंथरतो, डोंबारी तर भोवती बारीक खडेही रचतो. अंडी दोन ते चार, उबवणीला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात, आणि पिल्ले आठ-दहा दिवसांची झाली की नीट उडता येण्यापूर्वीच घरटे सोडून गवतात पांगतात. या तीन-साडेतीन आठवड्यांत त्यांच्याकडे रंगाखेरीज दुसरे संरक्षण नसते. मोकळ्या माळावर कावळ्याला किंवा कापशी घारीला टेहळणीसाठी बसायला जागा नसते. त्यांना हवेत घिरट्या घालत शोधावे लागते. तुम्ही माळाच्या मधोमध झाड उभे केले की त्यांना कायमची बैठक मिळते आणि तिथून आईबाप चोचीत किडा घेऊन कुठे उतरतात ते निवांत पाहता येते. म्हणून गवताळ प्रदेशातले पक्षी झाडांच्या रांगेपासून अंतर ठेवून घरटी करतात.

दुसरे कारण अन्नाचे. मोठे चंडोल मुख्यतः गवताचे आणि तणांचे बी खातात, पिल्लांना मात्र नाकतोडे, अळ्या, वाळवी असे मऊ प्रथिनयुक्त खाणे लागते. निलगिरीखाली किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीखाली पाचोळ्याचा थर साचतो आणि गवत मरते. जमीन असते, पण ती जमीन चंडोलाच्या कामाची राहत नाही.

आपल्याच राज्यातले उदाहरण देते. हावेरी जिल्ह्यातल्या राणीबेन्नूरला काळविटांसाठी १९७४ मध्ये अभयारण्य झाले. तिथे माळढोकही होता. त्या माळावर निलगिरीची मोठी लागवड झाली आणि आज तिथे माळढोक नाही. शिकार आणि शेतीचा विस्तार ही कारणेही होतीच, परंतु मोकळ्या माळावर राहणाऱ्या पक्ष्याच्या घरात निलगिरी लावणे हे त्याच्या रक्षणाचे लक्षण नव्हे.

तुमच्या सावलीच्या मुद्द्यावर माझे तुमच्याशी भांडण नाही. सावली माणसाच्या वाटेवर हवी. ती सबंध गायरानावर पसरलेली कशाला हवी?

खानापूरचा_पाऊस
आमच्या बाजूचा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितो. कणकुंबी, चोर्ला या भागात जांभ्या दगडाची उघडी सपाट पठारे आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावर बोटभर उंचीची फुले येतात आणि पाणी साचते. दिवाळीनंतर सगळे करपून काळे पडते. चारी बाजूंना भीमगडपर्यंत घनदाट अरण्य असताना मलबारी चंडोल मात्र नेमका या उघड्या सड्यांवर गातो. म्हणजे भरपूर पावसाच्या प्रदेशातसुद्धा तो झाड टाळून फत्तर निवडतो. ज्यांना वाटते की माळ म्हणजे पावसाअभावी राहून गेलेले जंगल, त्यांनी एकदा हे पाहावे. त्या जांभ्यावर मातीच नाही, त्यामुळे कितीही पाऊस पडला तरी तिथे अरण्य होणार नाही, आणि तरीही ती जागा रिकामी नाही.

अर्थात आमच्याकडे डोंगरउतारावर झाडे लावण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तिथे ती होतीच.

दुर्बीण_गळ्यात
खानापूरकरांनी चांगला मुद्दा काढला. याला जोडून एक ऐतिहासिक गोष्ट. सायक्सचा चंडोल ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते विल्यम हेन्री सायक्स मुंबई सरकारच्या लष्करातले अधिकारी होते. दख्खनची पाहणी करत असताना त्यांनी इथल्या पक्ष्यांचे नमुने गोळा केले आणि १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे त्यांची यादी मांडली. हा चंडोल त्या यादीतला आहे, आणि तो भारतीय द्वीपकल्पाबाहेर सापडत नाही. याच यादीत आखूड बोटांच्या एका चंडोलाचेही वर्णन आहे. तो तिबेटच्या पठारापासून मंगोलियापर्यंतच्या भागात वीण करतो आणि थंडीत आपल्या शेतांत थव्यांनी उतरतो. शाळूची काढणी झाल्यावर धसकटांच्या रानात मातीच्या रंगाचा मोठा थवा एकदम उठतो आणि एकदम वळतो, तो बहुधा यांचाच असतो.

अथणीचे_शिवार
तो थवा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. नाव आज कळले. मात्र आता तो आमच्या शिवारात क्वचित उतरतो, आणि त्यात गायरानावरच्या झाडांचा काही दोष नाही, कारण झाडे अजून लावलेलीच नाहीत. पाणी आले, ऊस आला, शाळू गेला. उसाच्या फडात चंडोल काय करणार?

निवृत्त_मास्तर
शिवारवाल्यांनी या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सहज सांगून टाकला. शाळू आणि हरभऱ्याची शेती चंडोलाला अर्धे वर्ष सांभाळत असे. पेरणीआधी उघडी जमीन, मग विरळ पीक, काढणीनंतर धसकटे आणि सांडलेले दाणे. घटप्रभेच्या कालव्यांखाली आणि कृष्णाकाठी ऊस वाढला तसे उंच, दाट, वर्षभर उभे पीक आले. त्यात खालची जमीन उघडी राहतच नाही. म्हणजे शेतातली जागा आधीच आखडली आहे आणि चंडोलाला गायरान तेवढे उरले आहे. म्हणूनच त्या गायरानाचे काय करायचे, हा प्रश्न पूर्वीपेक्षा आज मोठा आहे.

ब्रिटनमध्ये हेच वेगळ्या प्रकारे घडले. तिथे गहू पूर्वी वसंत ऋतूत पेरत. पुढे शरद ऋतूत पेरू लागले. त्यामुळे चंडोलाच्या विणीच्या वेळी पीक उंच आणि दाट होऊ लागले, शिवाय हिवाळ्यातली धसकटेही नाहीशी झाली. १९७० च्या दशकापासून पुढच्या काही दशकांत तिथल्या चंडोलांची संख्या निम्म्याहून खाली आली. उपाय काय निघाला, तर पेरणी करताना शेतात खोलीएवढे एक-दोन तुकडे मुद्दाम न पेरता सोडायचे. तेवढ्या मोकळ्या जागेत पक्षी उतरतो आणि चारा शोधतो. एकरी उत्पन्नात फारसा फरक पडत नाही.

तंबाखूची_वखार
शेतात तुकडा मोकळा सोडला तर आमच्याकडे तो चंडोलाच्या आधी भावकीला दिसेल.

नवखा_कॅमेरा
सर्वांचे लेखन वाचून उत्सुकता वाढली आहे. मी बेळगावात राहतो. सांबऱ्याकडे जाताना आणि येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पायथ्याच्या उघड्यावर असे पक्षी दिसतात. डोंबारीचे घरटे आणि पिल्लांचे छायाचित्र मिळवायचे आहे. घरटे शोधण्याची युक्ती कोणी सांगेल का? मोबाइलवर आवाज वाजवला तर नर जवळ येतो, असेही ऐकले आहे.

घटप्रभा_अक्का
युक्ती मला माहीत आहे आणि ती मी सांगणार नाही. तुम्ही घरट्यापाशी गेलात की आईबाप दूर बसून राहतात, अंडी किंवा पिल्ले उन्हात उघडी पडतात, आणि मुरमाच्या तापलेल्या जमिनीवर थोडा वेळही त्यांना भारी पडतो. तुमच्या पावलांनी गवतात वाट पडते, ती मुंगसाला आणि कुत्र्यांना उपयोगी पडते. आवाज वाजवला की नराला वाटते दुसरा कोणी हद्दीत शिरला, आणि तो पिल्लांना चारण्याचे काम सोडून नसलेल्या शत्रूशी झगडत राहतो.

त्याऐवजी पाऊलवाटेच्या कडेला एखाद्या दगडाशेजारी बसून राहा. डोंबारी धीट असतो. तुम्ही हलला नाहीत तर तो स्वतःच चालत बऱ्यापैकी जवळ येतो. चालत म्हणते, कारण चंडोल चिमणीप्रमाणे उड्या मारत नाहीत, ते एकेक पाऊल टाकत धावतात. धुळीत अंग घुसळतानाही सापडेल. पाण्याने अंघोळ करण्यापेक्षा त्यांना धूळ प्रिय आहे.

नवखा_कॅमेरा
समजले, अक्का. घरट्याचा नाद सोडतो.

बकऱ्यांचा_वाडा
मी धनगर घरातला आहे. आमची बकरी वर्षातले काही महिने चिक्कोडी, रायबाग, गोकाक या तालुक्यांतून फिरतात आणि उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या रानात बसवली जातात. चंडोल हा आमच्या रोजच्या वाटेवरचा पक्षी आहे, म्हणून इथे दोन गोष्टी लिहिणे मला आवश्यक वाटते.

वर अक्कांनी गवताची महती सांगितली, ती खरी. परंतु कंबरभर वाढलेल्या कुसळीत चंडोल मला दिसत नाही. तिथे तितर असतो, लावा असतो. चंडोलाला गवत घोट्यापर्यंतचे आणि ठोंबाठोंबांनी विखुरलेले लागते, मध्ये मुरूम उघडा लागतो, कारण त्याला धावायचे असते आणि दुरून येणारा दिसायला हवा असतो. असे गवत राहते ते बकऱ्यांच्या चरण्याने. बकरी एका जागी थांबत नाहीत. चरत पुढे जातात आणि मागे जमीन पुन्हा फुटते. त्यांच्या लेंड्यांवर किडे येतात, तेही त्याला मिळतात. उलट एकाच ठिकाणी गावाची सगळी जनावरे बारमाही राहिली तर ठोंबच उपटले जातात आणि घरट्याला आडोसा उरत नाही. म्हणजे चराई बंद करणे आणि चराई बेसुमार करणे, या दोन्हींत पक्षी जातो.

वनीकरणाचा अनुभव आम्हाला असा आहे की रोपे लावली की प्रथम चर खणतात, मग कुंपण येते, मग पाटी लागते आणि चराईला मनाई होते. रोपे जगोत की मरोत, आमची वाट बंद होते. दोन पावसाळ्यांत गवत माजते, उन्हाळ्यात वणवा लागतो, रोपेही जातात आणि गवतातले सगळे जीवही जातात. ग्रामसभेत पक्ष्याच्या बरोबरीने हेही मांडावे. पक्ष्यासाठी कोणी हात वर करणार नाही, पण चाऱ्यासाठी करतील.

माळावरची_वाट
सर्वांचे आभार. दुर्बीणवाल्यांच्या सूचनेप्रमाणे पाहिले. तुरेवाल्या पक्ष्याच्या छातीवर फक्त वरच्या बाजूला थोड्या रेघा आहेत आणि पोट तांबूस आहे, म्हणजे सायक्सचा चंडोल. तिसरा तांबड्या शेपटीचा. तुरेवाल्याच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट घडली. वरून टिटवीचा आवाज येत होता, टिटवी मात्र कुठेच नव्हती. नीट पाहिले तर तो चंडोलच होता. लगेच त्याने दुसऱ्या कुणाचा तरी आवाज काढला, तो मला ओळखता आला नाही.

दुर्बीण_गळ्यात
तो सायक्सच्या चंडोलाचा नेहमीचा उद्योग आहे. इतर पक्ष्यांचे आवाज तो आपल्या गाण्यात ओवतो. या गुणापायीच चंडोल पूर्वी पिंजऱ्यात पाळले जात आणि जो जास्त नकला करी त्याला जास्त किंमत येई. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानातला पक्षी पकडणे आणि विकणे गुन्हा आहे. कोणाच्या आजोबांच्या पिंजऱ्याच्या आठवणी असतील तर त्या आठवणीच राहू द्याव्यात.

अथणीचे_शिवार
बकऱ्यांच्या वाड्याचे म्हणणे मला पटले, कारण ते चाऱ्याचे आहे. पण मग गावाने करायचे काय ते एका वाक्यात सांगा. ग्रामसभेत पंधरा मुद्दे मांडले की लोक चहाला उठतात.

निवृत्त_मास्तर
झाडे कडेने लावा, मध्य मोकळा ठेवा, आणि खड्डे मे महिन्यात खणू नका.

माळावरची_वाट
पहिले दोन मुद्दे समजले. मे महिन्याला हरकत का? पाऊस पडण्याआधी खड्डे तापले की रोप चांगले धरते, असे आम्हाला सांगण्यात आले आहे.

घटप्रभा_अक्का
रोपाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. परंतु डोंबारीची वीण साधारण फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत केव्हाही असू शकते आणि तांबड्या शेपटीचा चंडोल उन्हाळ्यातच अंड्यांवर बसतो. मे महिन्यात माळावर टिकाव आणि माणसे फिरली तर घरटी तुडवली जातील, यंत्र फिरले तर काहीच उरणार नाही. झाडे जर गाडीवाटेच्या, ओढ्याच्या आणि देवळाच्या बाजूला लागणार असतील तर तिथले खड्डे मे महिन्यातही खणता येतील, कारण त्या कडेला चंडोल घरटे करत नाही. अडचण फक्त मधल्या पट्ट्याची आहे.

झाडे कोणती, हाही विचार व्हावा. ओढ्याला करंज, जांभूळ. वाटेला कडुनिंब, चिंच. बांधाला बाभूळ, बोर. सावली, पाला, सरपण या सगळ्या शिवारअण्णांच्या मागण्या त्यात बसतात.

खानापूरचा_पाऊस
मधला पट्टा मोकळा ठेवायचा तर कागदावर त्याला काहीतरी काम दाखवावे लागेल, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी त्याला पडीक ठरवून दुसरी योजना आणील. 'चराऊ कुरण' अशी नोंद ठरावात घ्या. रिकामी जागा सरकारी कागदाला सहन होत नाही.

तंबाखूची_वखार
आणि भावकीलाही. हे मी वर सांगितलेच आहे.

अथणीचे_शिवार
माझा एक आक्षेप शिल्लक आहे. कडेने लावलेल्या झाडांची संख्या मूळ आराखड्यापेक्षा कमी भरणार. मजुरीचे दिवस त्या प्रमाणात कमी होणार. उन्हाळ्यात खड्ड्यांच्या कामावर ज्यांची चूल पेटते त्यांना काय सांगायचे? पक्षी वाचवण्याचा भुर्दंड सर्वांत गरीब माणसाने भरावा, हे मला मान्य नाही.

बकऱ्यांचा_वाडा
आक्षेप खरा आहे. त्या मजुरीतून गावतळ्याचा गाळ काढता येईल, ओढ्यावरचे जुने बांध दुरुस्त करता येतील, गायरानातली घाणेरी आणि वेडी बाभूळ मुळासकट काढता येईल. हे शेवटचे काम तर चंडोलाच्याही फायद्याचे आहे, फक्त ते विणीनंतर, ऑक्टोबरपासून पुढे करावे. मजुरी तितकीच राहील का, हे पंचायतीच्या हिशेबावर आहे; त्याची हमी मी देऊ शकत नाही.

माळावरची_वाट
काल पीडीओ साहेबांना भेटलो. ते नाही म्हणाले नाहीत. कडेची लागवड चालेल, पण तिचा नकाशा ग्रामसभेपूर्वी हवा, असे त्यांचे म्हणणे आहे. मजुरीच्या प्रश्नावर त्यांनी गाळाच्या कामाचा वेगळा प्रस्ताव द्यायला सांगितले आहे. सरपंच मात्र अजून पूर्ण आराखड्याच्याच बाजूने आहेत, कारण वनमहोत्सवाला पाहुणे येणार आहेत आणि ओढ्याकाठी मांडव घालायला जागा नाही. नकाशा काढायला मी या आठवड्यात बसणार आहे. त्यात गाडीवाट, ओढा, देऊळ, तळे आणि मधले कुरण दाखवीन. आणखी काही राहिले का?

बकऱ्यांचा_वाडा
बकऱ्यांची येण्याजाण्याची वाट राहिली. ती नकाशात रुंदीसह दाखवा आणि दोन्ही तोंडांना 'कुंपण नाही' असे लिहून घ्या.